बल्ली गोबानला पाऊस झालाय

सोमाली मुलखातल्या बुराओ गावात माणसाचं खरं नाव त्याच्या आईला आणि पासपोर्टच्या कचेरीला माहीत असतं. बाकीचे लोक त्याला त्याच्या व्यंगावरून ओळखतात. दीरियेला मात्र सगळे मास्तर म्हणत. त्याच्यात व्यंग नव्हतं असं नाही, पण अर्ध्या गावाला त्याने भूगोल शिकवला होता आणि उरलेल्या अर्ध्याला वर्गाबाहेर उभं केलं होतं, त्यामुळे लोक जरा भिडेने वागत.

शाळेतून निवृत्त होऊन त्याला काही वर्षं झाली होती. त्याची भाची ईदिल स्वीडनमध्ये, माल्मोच्या एका शाळेत, सोमाली शिकवायची. वर्गातली मुलं सोमाली घरांतलीच, पण जन्म तिकडचा. भाषा त्यांना आजी ओरडते तेवढीच कळायची. ईदिलने मामाकडे फोनवर बोललेले धडे मागितले. पहिले तीन धडे नमस्कार, नातीगोती आणि जेवण यांत गेले. चौथा धडा भूगोलाचा ठरला, कारण एका मुलाने बुराओ हे लंडनचं उपनगर आहे असं सांगितलं होतं.

दीरियेने तयारी जय्यत केली. उत्तरेला समुद्र, त्याला लागून जळकी किनारपट्टी, मग गोलिसचे डोंगर, डोंगरांच्या दक्षिणेला हाउदचं अफाट माळरान, आणि खूप खाली दक्षिणेत दोन नद्या. आपली भाषा बऱ्याच देशांत बोलली जाते, असं त्याने म्हटलं. नेमक्या किती, हे त्याने टाळलं, कारण कलतूनच्या चहाच्या दुकानात त्या आकड्यावरून एकदा खुर्ची मोडली होती. हाउदच्या मधून सरहद्द जाते हेही सांगितलं. उंटांना ती कुणी दाखवलेली नाही, हे सांगितलं नाही.

ईदिलने ऐकून कळवलं, "मामा, छान आहे, पण पोरं झोपतील. तिथे उभं राहून बघताय असं काहीतरी बोला ना. छोटी छोटी वाक्यं."

दीरियेला सर्दी झाली होती. दोन दिवस तो घराबाहेर पडला नव्हता. कोठीचं दार लावून, डोळे मिटून, तो फोनमध्ये बोलला: "मी हाउदमध्ये आहे. बल्ली गोबानला पाऊस झालाय. तळं भरलंय. गवत गुडघ्याला लागतंय. पांढरी उंटीण पोटापर्यंत पाण्यात उभी आहे." अंगणातली शेळी नेमकी तेव्हाच ओरडली. दीरियेला ते बरंच वाटलं आणि त्याने ते तसंच ठेवलं.

यातलं काहीच खोटं नव्हतं. फक्त तो पाऊस त्याच्या लहानपणी झाला होता. बल्ली गोबानच्या तळ्याकाठी त्यांच्या घराचा मुक्काम असायचा. त्याचे वडील चाऱ्यापाण्याची पाहणी करायला पुढे जाणारे. कोरड्या दिवसांत सगळं घर, सगळे उंट त्यांच्या शब्दावर हलायचे. ते परत आले की आई आधी दुधाचं भांडं पुढे करी. भांडं रिकामं होईपर्यंत त्यांना कुणी काही विचारायचं नाही. मग ते वाट कशी आहे, पाणी कुठे आहे, गवत किती आहे, तिथली माणसं कशी आहेत हे त्याच क्रमाने सांगायचे. सगळं सांगून झालं की आई एकच विचारी, डोळ्यांनी पाहिलं की कानांनी. वडिलांच्या मागे हे काम दीरियेकडे यायचं, पण त्याला शाळेत घातलं, आणि तो भूगोल शिकला. उंट मोठ्या बहिणीकडे, अनबकडे राहिले. ईदिल ही तिचीच मुलगी.

धडा माल्मोला पालकांच्या गटात गेला. एका बापाने तो ऐकला आणि त्यातला समुद्र, डोंगर, नद्या हा फापटपसारा काढून टाकला. कामाचं तेवढं ठेवलं आणि बुराओतल्या भावाला पाठवलं. सर्दी बरी होऊन दीरिये चहाला आला तेव्हा दुकानातल्या सगळ्या फोनांतून त्याचाच आवाज येत होता.

"मास्तर, बसा," डावखुरा हिर्सी म्हणाला. याचा पाण्याचा टँकर होता आणि कोणावरही विश्वास न ठेवण्याबद्दल तो पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. पाऊस झाला तर माल्मोला कळवता, आणि आम्ही इथे रोज तुमच्या शेजारी चहा ढोसतोय."

दीरियेने सांगितलं की हा धडा आहे, मुलांसाठी. कलतूनने चहात साखर जास्त घातली, म्हणजे तिलाही वाईट वाटलं होतं.

"दोन दिवस कुठे होतात?" हिर्सीने विचारलं.

"घरी. सर्दी होती."

"आणि ती शेळी?"

"शेळी माझीच आहे. अंगणात असते."

हिर्सीने सगळ्यांकडे पाहिलं. शेळीचाही खुलासा तयार आहे म्हटल्यावर कुणाला शंका उरली नाही. दीरिये जितकं नाही म्हणे तितका पाऊस पक्का होत गेला. ज्याला कुरण सापडलंय तो दुसरं काय म्हणणार? गवत दडवणाऱ्या माणसाचा चेहरा असाच भाबडा असतो, असं एकाने सांगितलं, आणि त्याच्या स्वतःच्या काकाचं उदाहरण दिलं. तीस वर्षं ज्यांना नकाशा वाचायला शिकवलं त्यांना आपला चेहरा वाचता येत नाही, याचा दीरियेला मनापासून राग आला. तो चहा अर्धा टाकून उठला. तेही त्याच्या विरुद्धच गेलं. रानातल्या आपापल्या माणसांना फोन करून, कळप बल्ली गोबानकडे वळवायची भाषा त्याच्यामागे सुरू झाली.

घरी पोचेपर्यंत अनबचा मुलगा रोब्ले याचा फोन आला. रेंजसाठी तो कुठल्यातरी टेकाडावर चढला होता आणि धापा टाकत होता.

"मामा, आम्ही निघालोय बरं का. आई म्हणाली, मामाला सांग."

"कुठे निघालात?"

"बल्ली गोबानला. तुम्हीच सांगितलंत ना. दोन मुक्काम झाले. उंटिणींना पाय उचलवत नाहीत, पण आई म्हणते, तिथे पोचल्या की—"

फोन बंद पडला. रानात तो एकदा बंद पडला की रस्त्यावरून एखादा ट्रक जाईपर्यंत चार्ज होत नसे. दीरियेने तरी तो पुन्हा पुन्हा लावला. कोरडा ऋतू संपत आला होता. अशा दिवसांत अशक्त जनावर एका पाण्यापासून दुसऱ्या पाण्यापर्यंत जातं. कोरड्या तळ्यापर्यंत जाऊन परत फिरायची ताकद त्याच्यात नसते. हे त्याला कुठल्या पुस्तकातून कळायची गरज नव्हती. तो आल्या पावली चहाच्या दुकानात परत गेला.

"हिर्सी, टँकर भर. बल्ली गोबानला जायचंय."

हिर्सीने पेला खाली ठेवला. "जिथे पाऊस झालाय तिथे पाणी न्यायचं?"

"पाऊस झालेला नाही."

"मग तिथे जायचं कशाला?"

या प्रश्नाला तर्काच्या अंगाने उत्तर नव्हतं.

"माझी बहीण निघालीय तिकडे," दीरिये म्हणाला. "माझं ऐकून."

दुकानातले फोन एकेक करून गप्प झाले. गवत दडवणारा माणूस परक्यांना फसवील, शेजाऱ्याला फसवील, पण सख्ख्या बहिणीचे उंट कोणी कोरड्या तळ्यावर पाठवत नाही.

"हे आधी बोलायचं," हिर्सी म्हणाला आणि किल्ली शोधू लागला.

त्याचा विश्वास बसलेला पाहून बाकीच्यांनी घाईघाईने रानात फोन लावले आणि आपापले कळप जिथल्या तिथे थांबवले. थांबवताना मास्तरांना काय काय म्हटलं गेलं ते इथे सांगण्यात अर्थ नाही. कलतूनने मात्र खजुराची पिशवी आणि साखर टँकरमध्ये ठेवली.

वाटभर हिर्सी एकदाच बोलला. बल्ली गोबान नेमकं कुठल्या फाट्याने, असं त्याने विचारलं. दीरियेने उजवीकडे सांगितलं. थोडं पुढे गेल्यावर त्याने डावीकडे सांगितलं. मग हिर्सीने एका धनगराला विचारलं.

तळं सापडलं तेव्हा ते तळं आहे हे काठावरच्या उंटांमुळे कळलं. खड्ड्यात भेगा पडल्या होत्या. अनब काठावर बसली होती, काठी आडवी मांडीवर घेऊन. रोब्ले एका बसलेल्या उंटिणीला उठवायचा प्रयत्न करत होता आणि ती मान फिरवत होती. टँकर पाहून अनब उठली. तिने भावाला काही विचारलं नाही. आधी ताडपत्री पसरून पाणी ओतायची जागा केली, उंट एकावर एक पडू नयेत म्हणून काठीने आवरले, हिर्सीवर दोनदा खेकसली. सगळे पिऊन झाले. बसलेली उंटीण मात्र उठली नाही. रोब्लेने तिच्या तोंडाशी नेलेलं पाणी तिने चाटलं आणि मान जमिनीवर ठेवली.

मग अनब दीरियेसमोर येऊन बसली.

"ताई, तो धडा होता," तो म्हणाला. "ईदिलच्या पोरांसाठी. आपल्या लहानपणीचं सांगितलं मी."

"पांढरी उंटीण मला ओळखू आली की," अनब म्हणाली. "आपल्या बाबांची. म्हटलं, खूण दिलीय यानं. बाकीच्यांना कळू नये म्हणून तिला पाण्यात उभी केलीय."



"बाबा गेल्यापासून पाऊस कुठं आहे ते मला कुणी सांगितलं नाही," ती पुढे म्हणाली. "तू सणाला पैसे पाठवतोस, साखर पाठवतोस. ईदिलला शिकवलंस. त्यात काही कमी नाही. पण चाळीस वर्षं झाली, रोज सकाळी मीच आभाळाकडं बघते आणि मीच ठरवते. चुकलं तर माझंच. परवा रोब्लेच्या फोनात तुझा आवाज आला. म्हटलं, चला, आपल्यालाही कुणीतरी आहे."

हे ती रागावून बोलली असती तर दीरियेला सोपं गेलं असतं. तिने ते साखर संपली असं सांगावं तसं सांगितलं.

"आई बाबांना विचारायची तसं विचारायला हवं होतं मी, डोळ्यांनी की कानांनी," ती म्हणाली. "पण फोनला कसं विचारणार. बरं, ते जाऊ दे. आता पाऊस कुठं आहे ते सांग."

बुराओतल्या कितीतरी पिढ्यांना दीरियेने हाउदचं क्षेत्रफळ, उंची, मातीचा रंग आणि सरासरी पाऊस पाठ करायला लावला होता. चुकलं की छडी होती. पाऊस कुठे आहे हे त्याला माहीत नव्हतं, आणि तो तसं म्हणाला.

"मग बघून ये," अनब म्हणाली.

हिर्सीने रिकामा टँकर आधी दक्षिणेला नेला, मग पश्चिमेला. दीरिये आता दिशा सांगत नव्हता. भेटेल त्या माणसाला थांबवून आधी त्याची, त्याच्या घरच्यांची, त्याच्या जनावरांची खुशाली विचारत होता आणि मग पुढचं ऐकून घेत होता. दोन ठिकाणी गवत आहे असं ऐकलं. तो उतरून पाहून आला. एका ठिकाणी नुसती खुंटं होती, दुसरीकडे तीही नव्हती. हिर्सी त्याच्या धुळीने माखलेल्या बुटांकडे पाहत राहिला आणि मास्तरांना प्रथमच त्याने आपल्या पिशवीतला तरतरी आणणारा पाला चघळायला देऊ केला. दीरियेने आयुष्यात तो खाल्ला नव्हता. त्याने घेतला नाही, पण आभार मानले.

दुसऱ्या दिवशी दुपार उलटल्यावर टँकर बल्ली गोबानला परतला. बसलेली उंटीण मेली होती. रोब्लेने तिच्यावर काटेरी फांद्या टाकल्या होत्या.

अनबने भावाला सावलीत बसवलं. कोरड्या दिवसांत दूध किती निघतं हे सगळ्यांना माहीत होतं, तरी तिने भांडं त्याच्या हातात दिलं. तळाशी चार घोट होते. रोब्ले काहीतरी विचारणार होता, तिने त्याला नजरेने गप्प केलं. दीरिये सावकाश प्यायला. भांडं रिकामं झाल्यावर त्याने ते तोंड खाली करून वाळूत ठेवलं, बाबा ठेवायचे तसं.

"वाट सपाट आहे," तो म्हणाला. "शेवटी दगड आहेत, तिथे हळू जावं लागेल. तांबड्या वारुळांच्या पलीकडे एक खोलगट जागा आहे. पाणी आहे, पण गढूळ, आणि माझ्या घोट्याच्या वर येत नाही. गवत नाही. बाभळींना पाला आहे. उंटांना चालेल, शेळ्यांना पुरणार नाही. दोन घरं आधीच आहेत. मी त्यांच्याकडे चहा घेतला. या म्हणालेत."

अनबने आईसारखं एकच विचारलं.

"डोळ्यांनी पाहिलंस की कानांनी?"

"डोळ्यांनी."

ती काठीचा आधार घेऊन उठली आणि रोब्लेला म्हणाली, "चटया गुंडाळ. मामा पुढं चालेल."