काळ्या काचेमागचा श्वास

मित्रांनो, मी एक जुने हेल्मेट आहे, पण मला डोक्यावर घालून कुणी कधी मोटारसायकल चालवली नाही. मी घडले ते एका सिनेमासाठी.

तो सिनेमा पुढच्या शतकातल्या एका भयंकर खेळाचा होता. चाकांचे बूट घातलेले दोन संघ काटेरी चेंडूसाठी झुंजत आणि जो पडेल त्याला बाकीचे तुडवून पुढे जात. निर्मात्याचा खिसा हलका होता, त्यामुळे ते भविष्य सांडपाण्याचे पाइप, मोडक्या फ्रिजची दारे आणि चंदेरी रंग यांतून उभे राहिले. काटेरी चेंडू म्हणजे साधा फुटबॉल, त्यावर रबराची टोके चिकटवलेली.

सिनेमाचे सामान बनवणाऱ्या बाईंना सगळे काकी म्हणत. त्यांनी मला कारखान्याने न विकता टाकून दिलेल्या भंगारातून उचलले, काळे रंगवले, डोक्यावर रबरी शिंगे बसवली. माझ्या काचेवर आतून दिसेल, पण बाहेरून चेहरा दिसणार नाही असा काळा कागद चढवला. पट्ट्याला एका फुटक्या सुटकेसची कडी लावली. शेवटी तोंडासमोर भोक पाडून तिथे जाळी ठोकली, म्हणजे आतल्या माणसाला हवा मिळेल.

दिग्दर्शकाने मला हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिले.

"काकी, ही चहाची गाळणी आहे ना?"

"हो. कळतंय का?"

"लांबून कळतंय. लोक हसतील. हिच्यावर पत्रा मारा."

"आणि श्वास कुठून घ्यायचा आतल्या पोरीनं?"

"एका शॉटपुरतं तर आहे. घेईल खालून."

काकींनी बराच वेळ हातोडी उचललीच नाही. मग पत्रा बसला. त्या क्षणापासून मला भीती वाटू लागली. मी आतून अंधारी खोली झाले होते.

मला घालणारी मुलगी चाकांवर गरागरा फिरायची, म्हणून तिला भिंगरी म्हणत. सिनेमातल्या मारामाऱ्या बसवणारा माणूस तिचा सख्खा भाऊ होता. ती त्याला दादा म्हणे. तालमीत तो तिच्या गुडघ्यांना स्वतःच्या हाताने पट्ट्या बांधायचा आणि दर वेळी तेच बजावायचा, "काही वाटलं तर जमिनीवर हात आपट. मी आहेच."

"दादा, पाठ झालंय मला," ती हसून म्हणायची आणि मला डोक्यावर चढवायची. तिचे कपाळ माझ्या अस्तराला टेकले की मला बरे वाटे. पण काच खाली आली की ती गप्प होई. तिच्या छातीची धडधड मला पट्ट्यातून कळत असे. बाहेरून मी सगळ्यांना भीती दाखवत होते आणि आत आम्ही दोघी घाबरलेल्या होतो.

शेवटचा प्रसंग एका रिकाम्या गोदामात होता. धुराचे यंत्र आलेच नाही, म्हणून कोपऱ्यात जुने टायर पेटवले. भिंगरीने वेगात यायचे, धडकून पडायचे, मग उठून मला डोक्यावरून काढायचे आणि कॅमेऱ्याकडे पाहायचे, एवढेच काम होते.

ती आली, धडकली, पडली. मी फरशीवर आपटले, काच जाम झाली आणि हनुवटीखालची कडी वाकली.

तिने कडी ओढली. सुटेना. पुन्हा ओढली. काळा धूर खालून माझ्यात शिरला आणि तिला खोकल्याची उबळ आली. तिचा श्वास पत्र्यावर आदळून परत तिच्याच तोंडावर येत होता. काच आतून ओली झाली. तिने दातांनी माझे अस्तर चावले, नखांनी पट्टा ओरबाडला. मित्रांनो, इतक्या जवळून कुणाची भीती मी कधी ऐकली नव्हती, आणि मला साधी काचही वर करता येत नव्हती. मग ती जमिनीवर हात आपटू लागली.

उभ्या माणसांना धुरामुळे फरशी दिसत नव्हती, जमिनीलगत ठेवलेल्या कॅमेऱ्यालाच ती दिसत होती. दिग्दर्शक हळू आवाजात म्हणाला, "चालू ठेवा. काय काम करतेय पोरगी."

दादा कॅमेऱ्यामागे उभा होता. त्यालाही आधी ते कामच वाटले. काकी मात्र सामानाच्या पेटीपाशी खाली बसल्या होत्या. त्यांना तो हात दिसला. पत्रा कापायची कात्री घेऊन त्या धुरात घुसल्या.

"अहो काकी, फ्रेममध्ये येताय," कुणीतरी ओरडले.

काकींनी पट्टा कापला आणि मला दूर भिरकावले. मी घरंगळत भिंतीपाशी गेले. तिथून मला दादाचा आवाज ऐकू येत होता. "बघ माझ्याकडे. भिंगरे, बघ माझ्याकडे." फार वेळाने तिने पाहिले. ती वाचली, पण तिचा आवाज कायमचा घोगरा झाला. दादाने पुन्हा कोणत्याही सिनेमात मारामारी बसवली नाही. आणि तो शॉट मात्र काकी येईपर्यंतचा, जसाच्या तसा, सिनेमात लागला.

सिनेमा साफ आपटला. मी काकींच्या गोदामात खिळ्याला लटकत राहिले. धूळ बसली, शिंगे वितळून वाकडी झाली. खरे सांगते, कुणी उचलत नव्हते याचेच मला बरे वाटे.

पुढे बऱ्याच वर्षांनी तरुण पोरांना तो सिनेमा कुठूनसा सापडला. इतका भिकार सिनेमा, म्हणून ते त्याच्यावर जीव टाकू लागले. छोट्या थिएटरात दुपारचे खेळ होऊ लागले. पोरे पुठ्ठ्याची हेल्मेटे घालून येत, संवाद आधीच म्हणत, रबरी काटे डुगडुगले की पोट धरून हसत. काकी तोवर गेल्या होत्या. त्यांच्या मुलीने मला पोरांच्या हवाली केले आणि मी पडद्याजवळ टेबलावर जाऊन बसले.

मग तो शॉट यायचा. भिंगरी हात आपटू लागली की सगळे थिएटर तिच्याबरोबर खुर्च्यांवर हात आपटायचे. धप, धप, धप. शिट्ट्या वाजायच्या. त्या आवाजाने मी टेबलावर थरथरत असे. सिनेमातल्या खेळाचे प्रेक्षकही अगदी असेच होते.

एकदा पोरांनी भिंगरीला बोलावले. ती आता स्थूल झाली होती, मुलांना स्केटिंग शिकवत होती. दादा सोबत होता, काठी टेकत. तो शॉट आला, खुर्च्या घुमू लागल्या आणि दादा कानांवर हात ठेवून बाहेर निघून गेला.

दिवे लागल्यावर एकाने कौतुकाने विचारले, "ताई, तो सीन कसा केलात?"

"केला नाही," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मी गुदमरत होते. कडी निघत नव्हती."

दोघेचौघे हसले. त्यांना ती थट्टा वाटली. तिने मला उचलले, उलटे केले आणि आतले चावलेले अस्तर त्यांना दाखवले. मग कुणी हसले नाही.

"काढून टाकू का तेवढा भाग?" त्या पोराने चाचरत विचारले.

"कशाला? बघा, हसा. तो चेंडू बघून मलाही हसू येतं. तेवढ्या वेळात हात मांडीवर ठेवा, बस."

पुढच्या खेळाला तो शॉट आला तेव्हा एकही खुर्ची वाजली नाही. त्या शांततेत तिचा खोकला पहिल्यांदा स्पष्ट ऐकू आला. पहिल्या रांगेतला एक जण नकळत उठून उभा राहिला, जणू पडद्यात शिरून तिला सोडवणार होता.

माझी भीती अजून गेलेली नाही, मित्रांनो. काळ्या काचेतून आतला चेहरा दिसत नाही. म्हणून खेळ पाहताना, सिनेमा पाहताना, कुणी हात आपटत असेल तर टाळी वाजवण्याआधी जरा थांबा, आणि जवळ जाऊन विचारा, श्वास येतोय ना?