बाल्कनीतलं हसू

"मिस्टर टर्नबो, तुम्ही मुळातच काळे, मग तोंडाला वरून आणखी काळं का फासायचात?"

हे विचारून दाखव, असं लूला आणि नेटी या मैत्रिणींनी मला डिवचलं होतं. मी विचारलं. काळ्यांची टिंगल करणाऱ्या खेळांत एकेकाळी गाणारे हे म्हातारे आमच्या चर्चच्या तळघरात पाहुणे म्हणून आले होते. क्षणभर कुणी सरबताचा घोटही घेतला नाही. मला भलतंच छान वाटत होतं.

तेवढ्यात आमच्याच वर्गातली कोरिंथिया उठली. पांढरे हातमोजे, मान ताठ. "सर, आयडेलाला विचारायचंय, की तुमच्यावर सक्ती होती का?" माझाच प्रश्न तिने इस्त्री करून परत दिला, आणि सगळ्या बायका माना डोलवू लागल्या. म्हाताऱ्याने उत्तरही तिच्याकडे बघूनच दिलं. म्हणाले, जळक्या बुचाची काजळी फासल्याशिवाय खेळाचा मालक स्टेजवर सोडायचा नाही. आमचा रंग त्याला पुरेसा काळा वाटायचा नाही.

पुढच्या रविवारी इथेच वादसभा होती: आपल्याच लोकांची टिंगल करणारी ती जुनी गाणी आपल्या सभागृहात पुन्हा म्हणावीत का? 'म्हणू नयेत' या बाजूने बोलायला आमच्या बाई मिस हॅस्किन्सनी कोरिंथियाला निवडलं होतं. ती जागा मला हवी होती. आरशासमोर बोलून बोलून माझा घसा बसला होता. दुसऱ्या बाजूने बोलायला कुणीच तयार नव्हतं. ती गाणी चांगली आहेत असं म्हणणारी मुलगी आमच्या साउथ साइडच्या काळ्या वस्तीत कुणाला तोंड दाखवणार?

मिस्टर टर्नबोंनी मग आपलं कोंबडीचोराचं गाणं म्हणून दाखवलं. डोळे गरगरा फिरवत, गुडघे वाकवत. बायकांनी माना खाली घातल्या.

"लाज नाही वाटायची?" कोरिंथियाने विचारलं, तेही इतक्या गोड आवाजात की मला तिचे हातमोजे सरबतात बुडवावेसे वाटले.

"वाटायची ना, पोरी. पण कोण कधी हसायचं ते ऐक. खाली गोरे बसायचे. कोंबडी पिशवीत गेली की ते हसायचे. आपली माणसं वर बाल्कनीत. ती त्याआधीच हसायची. गाण्यातला मालक म्हणतो ना, 'माझी कोंबडी', तिथे."

"हसू ते हसूच, सर," कोरिंथिया म्हणाली. टाळ्या पडल्या.

मी टाळी वाजवली नाही. आधी नुसत्या जळफळाटाने. मग डोक्यात लख्ख उजेड पडला: अगं बाई, हिला कळलंच नाही! कोंबडीला दाणे कुणी टाकले, खुराडं कुणी झाडलं? ते करणारे वर बसले होते आणि 'माझी' या शब्दाला हसत होते. खालच्यांना त्याचा पत्ताच नव्हता. लाज खोटी नव्हती, पण सगळं गाणं म्हणजे लाजच, असंही नव्हतं. हे खरं वाटलं म्हणून मला आनंद झाला, आणि कोरिंथियाचं चुकलं म्हणून त्याहून जास्त झाला.

घरी बाबा नुकतेच आगगाडीवरची पाळी संपवून आले होते. ते डब्यात पोर्टर आहेत, प्रवाशांचं सामान उचलणारे, बिछाने घालणारे. नाव लेम्युएल, पण गोरे प्रवासी प्रत्येक पोर्टरला जॉर्जच म्हणतात, आणि बाबा हसून 'येस सर' म्हणतात. आई भाजी निवडत होती. मी तळघरातली हकिगत सांगितली तसे तिने ओठ आवळले. तिने ठणकावलं, की असली गाणी या घराच्या उंबऱ्याच्या आत यायची नाहीत. आम्ही दक्षिणेतून इतक्या लांब आलो, ते मुलीने कोंबडीचोर व्हावं म्हणून नाही.

बूट काढता काढता बाबांनी विचारलं, "वरचे आधी हसायचे म्हणाला तो?"

"हो."

त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"आई, तुला राग येणार," मी म्हटलं, "पण दुसरी बाजू रिकामी आहे. रविवारी कोरिंथियासमोर मी उभी राहणार. आणि आधी ते गाणं म्हणणार, सगळं."