डाळिंबी बाही

पांढऱ्या कापडाचा तुकडा दिव्याखाली ठेवावा आणि लाल बाहीचा हात त्याच्या जवळ न्यावा. तुकड्याची त्या बाजूची कडा किंचित गुलाबी होते. फार नाही, कुणी दाखवल्याशिवाय दिसतही नाही. हात मागे घेतला की कापड पुन्हा पांढरं. रंग त्याला लागलेला नसतो, नुसता त्याच्यावर पडलेला असतो.

म्हणून आमच्या खोलीत करडे कपडे घालायचा नियम आहे. गिरण्यांमधून आलेल्या कापडाचे रंग मी तपासते. धुतल्यावर, घासल्यावर, घाम लागल्यावर ते किती उतरतात, ते पाहायचं. शेवटचा निर्णय डोळ्यांनी द्यायचा असतो, आणि डोळ्यांना फसवेल असं खोलीत काही चालत नाही. भिंती करड्या, टेबल करडं, पडदा करडा, आणि तपासणारी बाईही करडी.

खरं तर नियम त्या खोलीपुरताच होता. दाराबाहेरच्या खुंटीवर करडा कोट टांगलेला असतो. आत जाताना घालायचा, बाहेर येताना काढायचा. नोकरीच्या सुरुवातीला मला वाटलं, हा खटाटोप हवाच कशाला? घरूनच करडे कपडे घालून यावं. मग बाजारात जाताना तेच, पाहुण्यांकडे जाताना तेच. हळूहळू माझ्याकडे दुसरा रंगच उरला नाही. "तुझं कपाट उघडलं की छत्री शोधावीशी वाटते," असं आत्या म्हणायची.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिचं शिवणाचं दुकान आहे. नाटकातल्या राण्या तिच्याकडे येतात, नोकरीच्या मुलाखतीला निघालेली मुलंमुलीही येतात, आणि ती सगळ्यांवर सारखंच ओरडते.

त्या सुट्टीच्या सकाळी मी तिच्याकडे गेले ती कपड्यांसाठी नव्हे, मन मोकळं करायला. आमचे मोठे साहेब निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी मी प्रयोगशाळा सांभाळावी, असं त्यांनी मला केव्हाच सुचवलं होतं. मी मात्र दर बैठकीत "विचार करून सांगते" एवढंच म्हणत आले होते. आता साहेबांना वर नाव कळवायचं होतं. दुसऱ्या दिवशीची बैठक शेवटची. मी मागे सरले तर जागा टायवाल्यांना जाणार होती.

टायवाले हे आमचे सहकारी. विक्री विभागातून अलीकडेच आमच्याकडे आले. उन्हाळ्यातही टाय सुटत नाही म्हणून हे नाव. माणूस वाईट नाही. पण रंग पाहायची खोली बंद करून सगळं यंत्रावर सोपवायचं, हे त्यांच्या मनात पक्कं होतं. यंत्र मलाही आवडतं. साध्या विणीच्या कापडावर ते माझ्याइतकंच नेमकं आहे. मखमलीसारखं लव असलेलं कापड आलं की मात्र ते गोंधळतं. तिथे अजून डोळेच लागतात. असे डोळे तयार व्हायला वर्षं जातात, आणि माझ्या हाताखाली दोन मुली नुकत्या तयार होत होत्या.

"मग हो म्हणून मोकळी हो की," तोंडात टाचण्या धरूनच आत्या म्हणाली. "किती दिवस हे घोंगडं भिजत ठेवणार? रंग जातोय का बघतेयस?"

"मला जमेल का, तेच कळत नाही."

"काम जमतं?"

"काम तर मीच करते."

"मग अडलंय कुठे?"

"बैठकीत गं. सगळे बोलतात आणि मी मूग गिळून बसते. खोलीत असलं की तसं होत नाही. तिथे मी गिरणीच्या मालकालासुद्धा तोंडावर नाही म्हटलंय."

आत्याने टाचण्या काढून उशीत खोचल्या. "खोलीत काय घालतेस?"

"हेच."

"आणि बैठकीत?"

"हेच."

"मग बरोबर आहे. खोलीत सगळंच करडं, तिथे तू घरची मालकीण. बैठकीत त्यांना वाटतं, कुणीतरी तिकडची खुर्ची उचलून आणलीय. ऊठ. आरशासमोर उभी राहा."

"आत्या, मी कपडे घ्यायला—"

"गप्प बस. बोलायचं तिथे बोलत नाहीस, इथे बरी जीभ चालते."

दुकानाचा आरसा दारासमोर आहे. दिवसाचा उजेड थेट त्याच्यापुढे पडतो. आत्या एकेक कापड माझ्या खांद्यावर टाकू लागली. मोरपंखी टाकलं आणि लगेच ओढून घेतलं. "छे! विहिरीतून काढलेलं मांजर." पिवळ्यावर म्हणाली, "काविळीचं औषध चालू आहे का गं?" मग कपाटातून एक अर्धवट शिवलेला लांब कोट काढून तिने माझ्या अंगावर धरला. रंग डाळिंबी. एका नाटकातल्या न्यायाधीशबाईंसाठी तो बेतला होता आणि नाटकच बंद पडलं होतं.

मी आरशात पाहिलं, आणि पाहतच राहिले.

माझ्या हनुवटीखाली नेहमी एक मातकट सावली असते. ती नाहीशी झाली होती. तिच्या जागी ऊब होती, जशी शेगडीजवळ बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर दिसते. डोळ्यांखालचा थकवा निवळला होता. मी कोट बाजूला केला. सावली परत आली. पुन्हा धरला, गेली. मी तो किती वेळा काढला आणि धरला कोण जाणे. दर वेळी तेच घडत होतं. त्यामागचं कारण मला पुरतं ठाऊक होतं, तरी अंगावर काटा येत होता.

एरवी ओरडणाऱ्या आत्याने हळूच विचारलं, "हे नेमकं होतं कसं गं? मला दिसतं, पण कसं होतं ते ठाऊक नाही."

"उजेड कापडावर पडतो. कापड बाकीचे रंग पिऊन टाकतं आणि लाल तेवढा परत फेकतं. तो खालून वर येऊन चेहऱ्यावर पडतो."

"म्हणजे आयुष्यभर मी उजेडच शिवत होते?"

"तसंच काहीसं."

"आणि मला वाटत होतं, माझा हात चांगला आहे!"

"तोही आहे, आत्या."

याच उजेडाला मी इतकी वर्षं चोर समजून दाराबाहेर ठेवलं होतं. तो कापडाच्या तुकड्यावर पडू नये म्हणून जिवाचा आटापिटा केला होता. माणसाच्या चेहऱ्यावर तो काय करतो, हे एकदाही पाहिलं नव्हतं.

मग आत्याने टेप काढली. "अंग चोरू नकोस, मापं चुकतात." मी सरळ झाले. "आणखी. इतका खांदा लपवून ठेवला होतास होय?" तिने खांद्याची शिवण उसवली, टाचली, पुन्हा उसवली. तिच्या बोटांखाली तो न्यायाधीशबाईंचा कोट हळूहळू माझा होत गेला. संध्याकाळी शेवटचं बटण लावून ती म्हणाली, "खांदा तुझ्या हाडावर बसवलाय. वाकून बसलीस तर पाठीवर चुणी पडेल आणि माझं नाव जाईल. तुझं काय व्हायचं ते होऊ दे, माझं नाव सांभाळ."

दुसऱ्या दिवशी फाटकावरच्या रखवालदाराने माझं ओळखपत्र मागितलं. एरवी तो मान वर न करताच मला आत सोडायचा.

"काका, मी रोजचीच आहे."

त्याने कार्डावरचा फोटो पाहिला, मग मला. "होय बाई? मग आजवर कोण येत होतं?"

खोलीत शिरण्याआधी मी डाळिंबी कोट खुंटीवर टांगला आणि तिथला करडा चढवला. दुपारपर्यंत काम केलं. बैठकीची वेळ झाली तशी कोट बदलला. दोघी मुली काम सोडून दारात येऊन बघत राहिल्या. "बाई, एकदा वळा ना," धाकटी म्हणाली. मी वळले. मग मीच लाजले आणि घाईने निघाले.

बैठकीच्या खोलीत लांब टेबल आहे. मी नेहमी टोकाला, कपाटाच्या आडोशाला बसते. आजही तिथेच बसले, पण वाकता येईना. वाकलं की पाठीवर कापड गोळा झालेलं कळायचं आणि मी पुन्हा सरळ व्हायची.

"वा, आज कुणाकडे समारंभ?" टायवाले म्हणाले. लोक हसले. मीही हसले.

कामं एकेक करून संपली. शेवटी साहेब माझ्याकडे वळले. "तुमचा विचार झाला का? आज मला नाव पाठवायचंय."

मी शब्द जुळवत होते, तेवढ्यात टायवाले नेहमीसारखे मदतीला धावले. "बाईंना कशाला पेचात टाकता, साहेब? त्यांचं मन त्यांच्या खोलीत रमतं. खुर्ची त्यांना नकोच आहे."

हे ते दर वेळी म्हणत. आपुलकीनेच म्हणत. मग सगळे कागद आवरत आणि विषय पुढे जाई.

आज कुणी कागद आवरला नाही. सगळे माझ्याकडे पाहत होते. करड्या कपड्यांत माझं गप्प बसणं कुणाच्या नजरेत येत नसे. ते भिंतीत मिसळून जाई. आज ते मिसळेना. मी गप्प होते आणि गप्प असलेली स्वच्छ दिसत होते. छाती नेहमीइतकीच धडधडत होती, त्यात कोटाने काही फरक पाडला नव्हता. लपायची जागा तेवढी उरली नव्हती. टेबलाभोवतीची इतकी माणसं, त्यांतली काही माझ्याहून कितीतरी मोठी, माझ्या एका वाक्यासाठी थांबली होती. ती कदाचित आधीही थांबली असती. मी कधी मान वर करून पाहिलंच नव्हतं.

मी टायवाल्यांकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

"खुर्ची मला हवी आहे," मी म्हणाले. "प्रयोगशाळा मी सांभाळणार."