एक जूनचे पान

एका पत्राला ओद्दुर आजोबांनी वर्षभर उत्तर दिले नव्हते. ते पत्र माझ्याच पाठीमागे, त्याच खिळ्याला अडकवलेले होते, म्हणून मला ठाऊक. मी एक जुनी, वाढदिवसांची दिनदर्शिका आहे, मित्रांनो. सांगायला जरा संकोच वाटतो, पण माझी जागा संडासात आहे. हसू नका. नेदरलँड्समध्ये घरोघरी आमची जागा तीच. माणूस तिथे निवांत बसतो, भिंतीकडे पाहतो आणि कोणाचा वाढदिवस जवळ आला ते त्याला कळते.

माझ्यावर वार नाहीत, साल नाही, नुसत्या तारखा आहेत. त्यामुळे डिसेंबर संपला तरी मला कोणी रद्दीत टाकत नाही. माझ्या बारा पानांवर बारा पक्षी छापलेले आहेत. यान्नेकेबाईंनी मला विकत आणले, तेव्हा त्यांचे नुकतेच लग्न झाले होते, आइसलंडहून आलेल्या एका लाजाळू तरुणाशी. तेच ओद्दुर. मासळीच्या बोटीवरून ते आले, बाईंसाठी राहिले आणि बेस्ट नावाच्या डच गावच्या नगरपालिकेत नोंदणीच्या खिडकीवर कामाला लागले. खिशात पुस्तक आणि मान खाली. पण परक्या देशात खिडकीपुढे उभे राहिले की जीभ कशी टाळ्याला चिकटते, हे त्यांना स्वतःवरून माहीत होते. ते प्रत्येकाला अर्ज समजावून देत. मग लोक संध्याकाळी सरकारी कागद घेऊन घरीच येऊ लागले. कागद वाचताना जन्मतारीख दिसली की आजोबा ती माझ्यावर बारीक अक्षरात टिपून ठेवत.

यान्नेकेबाई गेल्या तेव्हा मार्च होता. नंतर दोन वर्षे माझे पान कोणी उलटले नाही. टिटवीच्या चित्रावर धूळ बसली. मला वाटले, संपले आता. मग एके दिवशी एक इरिट्रियन बाई तान्ह्या मुलीच्या नोंदणीचा कागद घेऊन आली. ती गेल्यावर आजोबांनी फडक्याने मला पुसले, सप्टेंबर काढला आणि त्या बाळाचे नाव लिहिले. किती हलके वाटले मला!

निवृत्तीनंतरही लोक येतच राहिले. ज्याचा वाढदिवस, त्याच्या घरी आजोबा सायकलने जात, दाराच्या फटीतून कार्ड आत सरकवत आणि घंटा न वाजवता पळ काढत. थांबायचा त्यांना धीर नव्हता.

आणि मग सिग्रूनचे, त्यांच्या बहिणीचे पत्र आले. आइसलंडमधल्या आकुरेरीच्या घरात एक खोली रिकामी आहे, परत ये, असे तिने लिहिले होते. शेवटी विचारले होते, ‘तिथं तुझं आहे तरी कोण?’ आजोबा ते पत्र माझ्यासमोर पुन्हापुन्हा वाचत. ‘माझी माणसं आहेत’ असे लिहावे, तर ती फुशारकी वाटे. दारातून कार्ड टाकून पळणाऱ्याची कसली माणसे! ‘कोणी नाही’ असे लिहावे, तर सामान बांधावे लागणार. मग ते पत्र पुन्हा खिळ्याला लावत.

दोन हजार पाच सालचा एक जून उजाडला. त्या तारखेला माझ्यावर ‘मोरेश्वर’ असे नाव होते. हे वाईचे निवृत्त मुख्याध्यापक, बेस्टमधल्या मुलाकडे राहायला आलेले. त्यांच्या इथल्या मुक्कामाच्या मुदतवाढीचा अर्ज आजोबांनीच भरून दिला होता. त्या दिवशी काय घडले, ते ही मंडळी दुसऱ्या दिवशी आमच्याकडे येऊन हसत हसत सांगत बसली आणि मी दाराआडून ऐकले.

आजोबा कार्ड सरकवत होते, तेवढ्यात मोरेश्वरांची नात सानिका ओरडली, “आजोबा, बघा! कार्डवाले ओपा पळतायत!” (डचमध्ये आजोबांना ‘ओपा’ म्हणतात.)

मोरेश्वरांनी चपला न घालताच धावत जाऊन सायकल धरली. “अहो, थांबा! दरवर्षी कार्डावर नुसतं ‘अभिनंदन’ लिहिता, पण कशाबद्दल?”

सानिकाने डचमधून विचारून सांगितले, “तुमचा बर्थडे आहे ना आज!”

“माझा? अगं, हा आमच्या मास्तरांनी शाळेत घालताना ठोकून दिलेला वाढदिवस! खरी तारीख आईलाच आठवत नव्हती. मुख्याध्यापक झाल्यावर मी तरी काय केलं? निम्म्या वाईला एक जूनच वाटून दिला!”

ओद्दुर आजोबा लाजेने लाल झाले. चूक झाली, क्षमा करा, म्हणू लागले. पण सूनबाई मृण्मयीने त्यांना आत नेले. खिडकीशी दोरीवर चार वर्षांची कार्डे टांगलेली होती, एकूण एक त्यांचीच. “काका, दरवेळी मी चहाचं आधण ठेवते,” ती म्हणाली, “आणि दरवेळी तुम्ही गायब!”

हे सगळे सांगून झाल्यावर मोरेश्वर आमच्या संडासात आले आणि बराच वेळ बाहेरच पडले नाहीत. त्यांनी माझे पानन् पान वाचले, मग मला खिळ्यावरून काढले. मागचे पत्र खाली पडले. मला आणि ते पत्र घेऊनच मोरेश्वर बाहेर आले. आजोबांनी चाचरत सगळे सांगितले. सानिका भाषांतर करत होती.

“बहिणीला वर्षभर उत्तर नाही? छडीच द्यायला हवी तुम्हाला! ती विचारते, कोण आहे. मग ही यादी काय आहे? पाठवा हीच!”

“पण मग माझ्या तारखा?” आजोबा घाबरून म्हणाले.

“मी कॉपी करते ना,” सानिका म्हणाली, “नवीन कॅलेंडरमध्ये. एक जून ठेवू?”

“ठेव,” मोरेश्वर म्हणाले. “आता मला तोच आवडतो.”

तिने दोन दिवस बसून सगळी नावे उतरवली. आजोबांनी चार ओळी लिहिल्या: ‘सिग्रून, मी राहायला येत नाही. ऑगस्टमध्ये भेटायला येतो. इथं माझं कोण आहे, ते सोबत पाठवतो आहे. वाचायला वेळ लागेल.’

मित्रांनो, तुमच्याही दाराच्या फटीतून कोणी कार्ड टाकून पळत असेल, तर त्याला हाक मारा. त्याला वाटत असते की त्याचे कोणी नाही. आणि आलेल्या पत्राला उत्तर लिहा, चारच ओळी का होईना.

टपालपेटीपाशी आजोबांचा हात अडखळला. पाकिटात मी वाट पाहत होते.

“टाका हो, ओद्दुरराव!” मोरेश्वर म्हणाले.

आणि मी धपकन आत पडले. बाहेर आजोबा मोठ्याने हसत होते. इतक्या वर्षांत त्यांचा तो आवाज मी प्रथमच ऐकला.