मामाकडे न गेलेली मुलगी

“ताई, खरं सांगा. मला चक्कर खरोखर येते, की मी नाटक करते?”

प्रश्न भिंगरीने विचारला खरा, पण तो तिच्या तोंडून वदवून घेतला होता तिच्या दोन मैत्रिणींनी. आदल्या दिवशी फोनवर दोघींनी तिला डिवचलं होतं, “अर्धा वर्ग म्हणतो ही नाटकी आहे, अर्धा म्हणतो हिच्या डोक्यात बिघाड झालाय. हिंमत असेल तर विचार त्या व्यायामवाल्या ताईंना!”

हिंमत नाही? आणि भिंगरीला?

“अगं, असं विचारतात का?” आई पुटपुटली. बाजूला बाबा बसले होते, कंडक्टरच्या गणवेशातच. ड्यूटी संपवून थेट आले होते.

तोल आणि चक्कर यांवर उपचार करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, भिंगरीचं डोकं दोन्ही हातांत धरलं. “माझ्या नाकाकडे बघ. डोकं मी फिरवीन, नजर हलवायची नाही. आई, तुम्ही हिचे डोळे बघा.”

उजवीकडे एक छोटा, झटकन हिसका. नजर नाकावर घट्ट. मग डावीकडे. यावेळी डोळे डोक्याबरोबर वाहत गेले आणि चूक लक्षात आल्यासारखे पळत नाकावर परतले.

“घसरले की हो!” आई ओरडलीच.

“घसरले ना? हे कुणालाही ठरवून करता येत नाही. मोठमोठ्या नट्या आणा, नाही जमणार. हिच्या कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो, तो तापाच्या आजारात डाव्या बाजूला दुखावलाय. तो चुकीच्या बातम्या पाठवतोय आणि मेंदू गोंधळतोय. बाई भिंगरे, तुझी चक्कर शंभर नंबरी खरी आहे!”

भिंगरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. गेले कित्येक दिवस तिला स्वतःचीच शंका यायला लागली होती!

“पण मग गेल्या वेळी मी दिलेले व्यायाम करून हिला गुण का येत नाही?” ताई आता आईबाबांकडे वळल्या. “घरी नेमकं काय चालतं, ते मला दाखवा पाहू.”

आणि मग सगळं बाहेर आलं.

भिंगरी म्हणजे घरात एका जागी न बसणारं वारं, म्हणून तर हे नाव. ती तापातून उठली आणि शाळेच्या प्रार्थनेला उभ्या उभ्या कोसळली. त्या दिवसापासून आईने तिला पलंगावर बसवलं. हलू नकोस, मान वळवू नकोस, वाकू नकोस! चक्कर येणारी मुलगी म्हटलं की लोक नको ते बोलणार, म्हणून इमारतीत सांगितलं, ‘ती मामाकडे गेलीय.’ आता मामाकडे गेलेली मुलगी खिडकीत दिसून कशी चालेल? पडदे बंद. जिन्यात जाणं बंद. अंगठा डोळ्यांसमोर धरून मान हलवायचा व्यायाम पलंगावरच. थोडं गरगरलं की आई म्हणायची, “बास, आज एवढंच.” चालायचा व्यायाम पलंगापासून कपाटापर्यंत, तोही आईने कोपर घट्ट धरून. आणि बाबांनी तर ठरवूनच टाकलं होतं, यंदा शाळा नको. वर्ष गेलं तर गेलं.

“वर्ष गेलं तर गेलं?” ताईंचा आवाज चढला. “बाबा, एक विचारू? धावत्या बसमध्ये तुम्ही दांडी धरून तिकिटं देता?”

“छे! एका हातात मशीन, दुसऱ्या हातात पैसे. दांडी धरायला तिसरा हात कुठून आणू?”

“मग पहिल्याच दिवसापासून जमलं?”

बाबा ओशाळून हसले. “कुठलं हो! पहिल्या आठवड्यात एका आजोबांच्या मांडीवर जाऊन बसलो होतो. पोटात ढवळायचं, घरी येऊन ओकायचो. मग हळूहळू पायांना कळायला लागलं.”

“तेव्हा तुमच्या आईने तुम्हाला पलंगावर बसवून ठेवलं असतं तर?”

“मग आजही दांडीच धरून बसलो असतो,” बाबा म्हणाले. आई तर जमिनीकडेच बघायला लागली.

“मेंदू शिकतो, पण चुकायला मिळालं तर,” ताई म्हणाल्या. “सोसवेल इतकं गरगरू द्यायचं, थांबायचं, ओसरलं की पुन्हा करायचं. तोच तर उपचार आहे! आई, तुमचं प्रेम मला दिसतंय हो. पण हिचा तोल सध्या तुमच्या हातात शिकतोय, तिच्या पायात नाही. सोडा बघू कोपर.”

“पडली म्हणजे?”

“मी आहे ना मागे. घरीही कुणीतरी जवळ उभं राहा. जवळ राहायचं, धरायचं नाही.”

ताईंनी अंथरलेल्या जाड, मऊ फोमच्या गादीवर भिंगरी उभी राहिली. आईने एकेक बोट सोडवलं. खोली एका कुशीवर कलली, पाय लटपटले, घशाशी आलं. भिंगरीने दात आवळले. ‘फिर, किती फिरायचं ते फिर! मी नाही बसणार!’ ती मनात ओरडली. आणि वाचकहो, ती उभी राहिली! वाकडी, घामाघूम, पण स्वतःच्या पायांवर!

मग रोज संध्याकाळी घरात मोठी कवायत चाललेली असे. आई पाठीशी हात मागे बांधून उभी. बाबा समोरून बसमधल्यासारखे ओरडत, “पुढे चला, पुढे चला, मध्ये उभं राहू नका!” भिंगरी मान डावी-उजवी करत चालायची, भिंतीवर आदळायची, खो खो हसायची, बसायची, पुन्हा उठायची. काही दिवस फार वाईट गेले. पण खोलीचं फिरणं हळूहळू मंदावत गेलं.

फक्त पडदा तेवढा अजून बंद होता.

एका रविवारी सकाळी भिंगरी खिडकीपाशी गेली आणि तिने पडदा खर्रकन बाजूला सारला. खिडकी उघडली, अंगठा पुढे धरला, मान हलवायला सुरुवात केली.

“अगं, आधी पडदा लाव!” आई धावली.

तोवर समोरच्या गच्चीत कपडे वाळत घालणाऱ्या काकूंनी पाहिलंच. “अगोबाई, भिंगरी! मामाकडून कधी आलीस? आणि ही मान काय हलवतेयस, नाही कशाला म्हणतेस?”

“गेलेच नव्हते काकू! माझ्या कानातला तोल बिघडलाय, त्याचा व्यायाम करतेय!”

काकूंच्या हातातला चिमटा खाली पडला. “इश्श, एवढंच ना? मग लपवलं कशाला? मलाही कूस बदलली की घर फिरल्यासारखं होतं. मी मेली कुणाला बोललेच नाही. वेड लागलंय म्हणतील म्हणून!”

ज्या भीतीने आईबाबांनी आपला पडदा लावला, त्याच भीतीने समोरच्या घरातही एक न दिसणारा पडदा लागलेला होता!

“काकू, लपवू नका, त्या ताईंना दाखवून घ्या, मी पत्ता देते!” भिंगरी ओरडली. मग ती वळली. झर्रकन, पूर्ण, मानेसकट. जरासं गरगरलं. आईचा हात पुढे आला आणि तिचा तिनेच मागे घेतला.

“आई, बाबा, ऐका,” भिंगरी कमरेवर हात ठेवून म्हणाली. “आजार लपवला की तो बरा होत नाही, त्याला नुसतं घर मिळतं. तेव्हा मी ठरवलंय. उद्यापासून मी शाळेत जाणार. प्रार्थनेला पहिल्या रांगेत उभी राहणार. डोललेच, तर सगळ्या वर्गाला का ते समजावून सांगणार. पडलेच, तर उठणार. तुम्ही फाटकापर्यंत सोबत या, हवं तर. पण माझं कोपर कुणीही धरायचं नाही!”