माझी वाळू आणि जमनाबाय

मित्रांनो, मी एक जुनी, पाणी गाळणारी वाळूची टाकी आहे. केळव्याजवळच्या माहीमला एका रिसॉर्टच्या पोहण्याच्या तलावामागे, पत्र्याच्या खोलीत मी एकटी उभी असते. लोक निळ्या पाण्याचे फोटो काढतात. ते पाणी निळं ठेवतं कोण? मी! तलावाचं पाणी माझ्यात वरून येतं, मळ जाड वाळूत अडकतो, स्वच्छ पाणी खालून परत जातं. पाहुणे अंगाला तेल चोपडून उतरतात आणि वर पाणी तेलकट म्हणून नाकं मुरडतात.

माझं सगळं जमनाबाय बघायची. गावातलीच, बोंबील वाळत घालून कामावर यायची. दर सोमवारी पंप बंद करून माझ्या झडपेची मूठ फिरवायची, मग पाणी उलटं सोडून माझी वाळू धुवायची. बाजूच्या काचेत पाणी नितळ दिसेपर्यंत जागची हलायची नाही. "सगळ्यांचा मळ खातेस गो बाय," म्हणायची. "तुला कोण इचारतंय? मी हाय ना!"

काही वर्षांनी माझी वाळू चिकट झाली, बदलायला आली. मालक भाग्येश म्हणाला, "समुद्र दारात असताना वाळू विकत कशाला?"

"भाग्येशभाऊ, ती बारीक हाय. टाकीत राहायची नाय, तलावात जाईल."

"जमनाबाय, तू बोंबील बघ. टाकीचं मला कळतं."

कळतं म्हणे! त्याने किनाऱ्यावरची वाळू भरायला लावली. दुसऱ्या दिवशी तलाव गढूळ, तळाला वाळूचा थर, पाहुण्यांची बोंबाबोंब. भाग्येशने सगळ्यांदेखत जमनाबायलाच झापलं, "टाकी नीट धुतली नाहीस."

तिने खोलीची किल्ली त्याच्या हातात ठेवली. "चूक कोनाची ते कळलं की माझ्या दारात येऊन सांगा. फोन नको."

मग बोईसरहून मिस्त्री आला. झाकण उघडून हसतच सुटला, "अरे सेठ, पूरा समंदर भर दिया!" त्याने जाड वाळू भरली. भाग्येश खाली मान घालून उभा होता. म्हणजे कळलं. पण जमनाबायच्या दारात काही गेला नाही.

आता माझी मूठ कोणीही फिरवतं. काचेकडे बघत नाही, अर्धा मळ आतच राहतो. दाबाचा काटा चढत जातो. दिवसभर पंपाची घरघर ऐकायची, माणसाचा शब्द नाही.

मित्रांनो, इथे आलात तर आधी अंग धुऊन मगच पाण्यात उतरा. आणि भाग्येशला माझा एक निरोप द्या. जमनाबायचं घर मागच्या वाटेने पाच मिनिटांवर आहे. वाळू बदललीस, फार उपकार झाले. आता तेवढं चालून ये.