दुखतंय का, विचारलं तेव्हा

शर्ट शिवणाऱ्या त्या कारखान्यात बायकांना नावाने कुणी हाक मारत नसे. जी जे शिवायची, ती तेच होऊन जायची. कॉलरवाली, खिसेवाली, काजवाली.

कॉलरवालीची पाळी जाऊन वर्षं उलटली होती, आणि आता पुन्हा अंगावरून जायला लागलं होतं. आधी नुसते डाग, मग कपड्यावर कपडे. ओटीपोटात डावीकडे अशी कळ उठायची की मशीनच्या पेडलवरून पाय सुटायचा. तिची थोरली बहीण अशीच, 'वयाचं असेल, वयाचं असेल' ऐकत ऐकत गेली होती. त्यामुळे कॉलरवालीला काय हवं होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. डॉक्टरने सोनोग्राफी लिहून द्यायची. बस्स. कामगारांच्या दवाखान्यात डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय त्या खोलीचं दार उघडत नसे, आणि बाहेर जाऊन करायची ऐपत असती तर ती कॉलरी कशाला शिवत बसली असती?

जेवणाच्या सुट्टीत खिसेवालीने तिची तालीम घेतली. काजवालीने मापाची टेप गळ्यात अडकवली आणि डॉक्टर होऊन बसली.

"काय होतंय बाई?"

"काही नाही, जरा बरं वाटत नाही."

"अगं मेले!" खिसेवाली उखडली. "डॉक्टरकडे चाललीयेस की व्याह्यांकडे? ते 'जरा' घरी ठेवून जा. सांग, रक्त जातंय. सांग, बहीण यातच गेली. सांग, मशीनवर बघितल्याशिवाय उठणार नाही."

"आणि हे मध्ये बोलले तर?"

"तर विचार त्यांना, अहो, अंगावरून तुमच्या जातंय की माझ्या?"

सगळ्या खिदळल्या. काजवालीला ठसका लागला. चौथ्या खेपेला कॉलरवालीने सगळं न अडखळता म्हटलं, तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या.

आता त्या कारखान्याची रीत सांगायला हवी. तिथे एक मशीन थांबलं की मागच्या सगळ्यांचं काम तुंबायचं. म्हणून सुपरवायझरच्या खणात कळ मारायच्या गोळ्या कायम. चहा वाटावा तशा तो त्या वाटायचा. पाठ धरली, गोळी. पोट धरलं, गोळी. वर्षानुवर्षं असं चालल्यावर बायकांना सवयच लागली. काही अवघड करायचं असलं की आधी गोळी घ्यायची आणि मग उभं राहायचं.

दवाखान्याच्या दिवशी खिसेवालीने तिला गेटवर गाठलं आणि मुठीत दोन गोळ्या कोंबल्या. "दोन्ही घे. कण्हत बसलीस तर बोलायचं राहील. ताठ बसून बोल."

जीव लावून दिल्या होत्या. घात झाला तो तिथेच.

डॉक्टरसमोर खुर्ची एकच होती. तीवर नवरा बसला. डॉक्टरनेही त्यालाच विचारलं, "काय त्रास आहे यांना?"

"पोटाची कुरबुर असते, साहेब. वयाचं असेल."

"कुरबुर नाही," कॉलरवाली म्हणाली. आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "पाळी गेलेली असताना रक्त जातंय. कळा येतात. माझी बहीण यातच गेली. मला आतून मशीनवर बघायचंय."

डॉक्टरने पहिल्यांदा मान वर केली. "कुणी पढवून पाठवलंय वाटतं." नवरा ओशाळं हसला. "झोपा तिकडे," डॉक्टर तिला म्हणाला.

तिने झोपून पदर बाजूला केला. डॉक्टरने डावीकडे बोटं दाबली. "दुखतंय का?"

तिने मनापासून शोधलं. कळ कुठेच नव्हती. जिथे रोज सुरी फिरायची तिथे नुसती बोटं लागत होती. खोटं बोलायला तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"आत्ता नाही."

"इथे?"

"साहेब, मी गोळी घेऊन आलेय, म्हणून..."

"गोळीने थांबतं ना? मग झालं तर." तो हात धुवायला वळला. "रक्त या वयात कधीकधी जातं. टॉनिक देतो."

"बघितल्याशिवाय मी उठणार नाही."

"अहो, घेऊन जा यांना. बाहेर रांग आहे."

नवऱ्याने दंड धरला. दारात ती खरोखर अडून उभी राहिली, तेव्हा मागची बाई वैतागली, "आवरा ना ताई, आम्हीपण आजारीच आहोत." एक बाई दुसरीला असं बोलते आणि डॉक्टरचं काम हलकं होतं. यात त्या बाईचा तरी काय दोष? तिलाही सुट्टी अर्ध्याच दिवसाची होती.

कॉलरवाली बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. नवरा टॉनिकच्या खिडकीपाशी उभा राहिला. रांग संपली, डॉक्टरची गाडी फाटकाबाहेर पडली, झाडूवाला फरशी पुसू लागला. आणि कळ आली. अशी आली की ती बाकावरून खाली घसरली, भिंतीला नखं लागली, ओल्या फरशीवर लाल पसरलं.

"आता बघा!" ती बंद दाराकडे बघून ओरडली. "आता दुखतंय! बोलवा त्यांना!"

नवरा बाटली घेऊन धावत आला. घाबरला होता, म्हणून तिच्यावरच खेकसला. "आत विचारलं तेव्हा तोंड शिवलं होतं का?"

"उद्या गोळी न घेता येते," ती दातओठ खात म्हणाली. "उद्या पहिला नंबर लावते."

वॉचमन वाकून बघत होता. माणूस वाईट नव्हता. "उद्या बायकांचे डॉक्टर नसतात हो. ते आता पुढच्या महिन्यात." त्याने थोडा विचार केला. "उद्या दातांचे आहेत. ते चालतील का?"

कुणी हसलं नाही. झाडूवाल्याने तिच्या पायाशी फडकं टाकलं आणि तो वाट बघत उभा राहिला. तिने पाय उचलल्याशिवाय त्याला पुसता येत नव्हतं.